सैल वायरचा चमचा

रिपेअरिंगच्या दुकानात किस्से साठतच जातात. रेडिओ गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से आपल्याच गळ्यात पडतात. उल्हासनगरला लछूशेठच्या दुकानात मी कामाला होतो, तिथले हे काही.

आमच्याकडे नऊ व्होल्टचा सेल मीटरला नाही, जिभेला लावायचा. मला नुसत्या झिणझिण्या कळायच्या, पण माझ्या शेजारी बसणारा दिनकर म्हात्रे आकडा सांगायचा. शेठने एकदा पैज लावून मीटर काढला. दिनकर म्हणाला सात, काटा सातवर! मीटर कपाटात गेला तो गेलाच.

*

एक बाई ट्रान्झिस्टर घेऊन आल्या. दिनकरने सेल चाटला आणि बदलावा लागेल म्हणाला.

"अब तो बदलना ही पड़ेगा," बाई म्हणाल्या, "आपने जूठा जो कर दिया."

*

दिनकरच्या बाबांना बीपी निघालं. डॉक्टर म्हणाले, मीठ चिमूटभरच. सगळा जन्म मिठागरात काढलेला माणूस! त्यांनी ताटच सरकवलं. महिन्याभरात इतके खंगले की बघवेना.

दिनकर हट्टाला पेटला. सेल जिभेला खारट लागतो, मग आमटी का नाही लागणार? त्याने स्टीलच्या चमच्याला एक वायर जोडली, दुसरी हातात धरायची, मध्ये सेल आणि रेझिस्टन्स.

पहिला घास माझा. गंजका खिळा! मग शेठ, मग समोरचा चहावाला. सगळ्यांचं मत एकच. दिनकर रेझिस्टन्स बदलायचा आणि म्हणायचा, "उद्या परत." दोन महिने आम्ही त्याची चिमूटभर मिठाची अळणी आमटी चाखत होतो.

*

एका दुपारी शेठ ताडकन उठला. "अरे, नमक!"

चमच्याची वायर सैल झाली होती. करंट तुटला की त्या चिमूटभर मिठाची चव एकदम वर यायची. सैल वायर कुठल्या मेकॅनिकला बघवते? मी झकास सोल्डर मारून ती पक्की केली. चव गेली! माझं सोल्डर उखडून दिनकरने वायर परत सैल केली.

*

रविवारी आम्ही अंबरनाथला त्याच्या घरी गेलो. आई दारात उभ्या होत्या. बाबांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. मग दुसरा, तिसरा. अर्धी वाटी संपली. दिनकरला रडू आवरेना, आणि मलाही.

मग बाबांनी चमचा खाली ठेवला. दिनकर घाबरला, अजून घ्या म्हणाला.

बाबांनी चमचा धोतराला पुसून त्याच्या हातात दिला.

"तीन मयने तुजी आयपन अलनीच खाते. आता तिला दे."