दूध उतू गेल्याशिवाय शेगडी पास नाही

सत्तरच्या दशकात सोलापुरात जेवढ्या विजेच्या शेगड्या तापत होत्या, त्यांतल्या निम्म्या माझ्या मामेसासऱ्यांच्या हाताखालून गेलेल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या केवळ त्यांच्या धाकाने चालत होत्या, असं माझं ठाम मत आहे. माझे मामेसासरे, म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे मामा, एका गिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत गेलं आणि किती वाजता बाहेर पडलं एवढं बघायचं त्यांचं काम. विजेशी संबंध म्हणाल तर डोक्यावरच्या पंख्यापुरता. तरी शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात तिथे मामांचा टेस्टर, आणि धोतराच्या कनवटीला पक्कड. कुणाच्या घरी गेले की "कसं काय, बरं हाय का?" हा प्रश्न ते शेगडीबद्दल विचारायचे, माणसांची चौकशी सवडीने. एकदा वैरागला जवळच्या नात्यातलं लग्न होतं. अक्षता पडायच्या वेळी मामा मांडवात दिसेनात. शोधाशोध झाली, तर मुदपाकखान्यात चहाची शेगडी उलटी करून तिच्यासमोर उकिडवे बसलेले. नवरीची आई हातात आधणाचं पातेलं घेऊन ताटकळत उभी. मामा मान वर न करता म्हणाले, "लगीन काय, माझ्याबिगर लागतंय की. चहाचं सांगा."

हे वेड त्यांना मामींमुळे लागलं. मामी अक्कलकोटच्या. गोऱ्या, ठेंगण्या, बोलताना निम्मं कानडी. त्यांना दमा होता. चुलीचा धूर असो, कोळशाच्या शेगडीचा असो की रॉकेलच्या स्टोव्हचा भपका, जरासा नाकात गेला की मामी छातीवर हात धरून उंबऱ्यात बसायच्या आणि तासाभराने उठायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, धूर तरी बंद करा नाहीतर बाईंचा स्वयंपाक तरी. स्वयंपाक बंद म्हटल्यावर मामींचा चेहरा पडला, आणि तो पडलेला मामांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेतून विजेची शेगडी घरात आली. पोटी मूलबाळ नव्हतं, घर दोघांचंच. त्यामुळे लाड सगळे त्या शेगडीचे. मामींचं आपल्या ओट्याशी उभं राहणं त्या एका शेगडीवर अवलंबून होतं, आणि हे आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेगडी बंद पडली, की मामींच्या घरी शेजारून डबा यायचा आणि मामी तो जेवायच्या नाहीत.

ज्यांनी ती शेगडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी बैठकीवर चिनीमातीची पांढरी तबकडी, तिच्यात गोल गोल खाचा आणि खाचांत बसवलेली तारेची कॉइल. बटण दाबलं की कॉइल लालबुंद व्हायची. आणि महिन्या-दोन महिन्यांत कुठेतरी तुटायची. कुणीही शहाणा माणूस अशा वेळी नवी कॉइल आणतो. मामा तुटलेली दोन टोकं ओढून एकमेकांत अडकवायचे, पकडीने पिळायचे, आणि शेगडी चालू. यात कॉइल दर खेपेला थोडी आखूड व्हायची, आखूड झाली की जास्त तापायची, आणि जास्त तापली की पुन्हा लवकर तुटायची. मामांना यातलं मधलंच तेवढं दिसायचं. "बघा, नव्यात हिला पाणी उकळायला किती वेळ लागत होता! आता कशी तरणी झालीय," असं ते अभिमानाने सांगायचे. शेजारच्या पद्मक्कांच्या घरी विजेच्या मागाचे आवाज दिवसभर चालायचे. त्यांची शेगडी मामांनी इतक्यांदा तरणी केली, की शेवटी तिच्यावर ठेवलेला भात वर कच्चा आणि खाली कोळसा व्हायला लागला. पद्मक्का तेलुगूत काहीतरी पुटपुटायच्या आणि मामांना वाटायचं आभार मानताहेत.

जुना भाग टाकून द्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. पलंगाखाली चहापत्तीचे पत्र्याचे डबे होते, त्यांत पिना, स्क्रू, अभ्रकाचे तुकडे, फुटक्या तबकड्यांचे अर्धे चंद्र. आमच्या शेगडीचा एक पाय मोडला, तर त्यांनी त्या जागी गिरणीतला सूत गुंडाळायचा लाकडी बॉबिन ठोकून दिला. शेगडी छान उभी राहिली. फक्त दुपारच्या पोळ्या होईपर्यंत पाय धुमसायला लागला आणि घरभर होम केल्यासारखा वास सुटला. मी तक्रार केली तेव्हा मामांनी पाय हुंगला, विचार केला आणि म्हणाले, "सागवानी बसवायला पायजे होता."

दुरुस्तीचा विधी ठरलेला असे. आधी मामा लाकडी पाटावर चढून बसणार. मग घरातली सगळी माणसं उंबऱ्याबाहेर जाणार. चाळीचा मेन स्विच जिन्याखाली होता. तिथे एक माणूस पहाऱ्यावर उभा राहणार, आणि तो माणूस म्हणजे नेहमी मी. "सूनबाई, बंद?" "बंद, मामा." "नक्की?" "नक्की." एवढं होऊनही ते बोटाच्या मागच्या बाजूने तार चाचपायचे, आणि तो जुनाट स्विच कधी पुरता बंद व्हायचा नाही, म्हणून अधूनमधून त्यांना झटका बसायचाच. मग ते हात झटकत म्हणायचे, "करंट चांगला येतोय." स्वतःच्या अंगावर घेऊन वीजपुरवठ्याला प्रशस्तिपत्र देणारा दुसरा माणूस माझ्या बघण्यात नाही.

पण खरी कसोटी दुरुस्तीनंतर. नव्या घरात शिरताना आपण चुलीवर दूध उतू घालतो ना, तसं दुरुस्त झालेली प्रत्येक शेगडी म्हणजे नवी चूल, असं मामांचं म्हणणं. तेव्हा तिच्यावर दूध उतू गेलंच पाहिजे. त्याशिवाय शेगडी पास नाही. आता चुलीत दूध सांडलं तर राखेत जिरतं. विजेच्या शेगडीत ते थेट लालबुंद कॉइलवर पडतं. चर्र असा आवाज व्हायचा, करपट वास सुटायचा, आणि पुष्कळदा तबकडीला तडा जायचा किंवा फ्यूज उडायचा. म्हणजे मामा दुरुस्त करायचे, पास करायचे आणि त्याच दमात नापास करून पुन्हा पाटावर चढायचे. चाळीतल्या बायका यात तरबेज झाल्या होत्या. मोठ्या पातेल्यात भांडंभर दूध ठेवायच्या, म्हणजे ते वर येणारच नाही. मामाही कमी नव्हते; ते तांब्यातून आणखी ओतत उभे राहायचे. हे दूध सोडा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नाही. ते उतू जात असताना त्यांच्या तोंडावर जो आनंद असायचा, तो बघितल्यावर जीभच उचलत नसे.

मामींचे थोरले भाऊ अक्कलकोटला धान्याचे व्यापारी. त्यांना सगळे अण्णा म्हणत. बोलणं थोडकं आणि शेवटचं. बहिणीला दमा आणि घरात ही अशी शेगडी, हे त्यांना बघवत नव्हतं. एका हिवाळ्यात मामींचा दमा बळावला, तेव्हा त्यांनी निरोप धाडला, की मी येतो, एक दिवस राहून बघतो, आणि हिच्या स्वयंपाकात धूर दिसला तर हिला कायमची घेऊन जातो. त्यांच्याकडे दोन सुना होत्या, मोठं घर होतं. मामींनी बसून खावं एवढीच त्यांची इच्छा, आणि तीत वाईट काहीच नव्हतं. मामींनी मात्र निरोप ऐकला आणि ओटा पुसायला घेतला. मला एकदाच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या सैपाकघरात मी कुटं बसू गं?"

मामांनी या प्रसंगाची तयारी जन्मात केली नव्हती अशी केली. त्यांनी चक्क नवी कॉइल आणली. एक टोक खिडकीच्या गजाला अडकवून, श्वास रोखून, ती सगळीकडे सारखी ताणली. एकही सांधा नाही, एकही गाठ नाही. रात्रीची भाकरी तिच्यावर झाली, सकाळी होळिग्यांसाठी हरभऱ्याची डाळ शिजली. पुरणाच्या पोळीला मामी होळिगे म्हणायच्या. अण्णा आले, पाय धुऊन पाटावर बसले आणि शेगडीकडे बघत राहिले. धुराचा मागमूस नव्हता. मामींनी माझ्याकडे बघून हळूच डोळे मिटले. आता फक्त डाळीत गूळ घालून शिजवायचं आणि पोळ्या लाटायच्या.

तेवढ्यात मामा म्हणाले, "अगं, कालच्या गडबडीत हिचं दूध राहिलं की."

"दूध संपलंय," मामी घाईघाईने म्हणाल्या.

"नवी कॉइल हाय. पावणं आलेत. असंच कसं जेवायचं हिच्यावरचं?" असं म्हणून मामा पद्मक्कांकडून तांब्या भरून दूध घेऊन आले. मामींनी माझा हात घट्ट धरला. मी तोंड उघडलं, पण मामा तोवर पातेलं ठेवून, हात जोडून उभे होते. दूध वर आलं, कड ओलांडून खाली उतरलं, आणि चर्र झालं. तबकडीचे मधोमध दोन तुकडे झाले, जिन्याखाली फट् आवाज झाला आणि सगळ्या चाळीतले पंखे थांबले. पद्मक्कांचा मागही थांबला. इतकी शांतता त्या चाळीत मी कधी ऐकली नव्हती.

"अर्ध्या तासात करतो," मामा म्हणाले. डबे उपडे झाले, अर्धे चंद्र जमिनीवर मांडले गेले, पण एकाशी एक जुळेना. फ्यूजमध्ये जाड तार घातली, तर तीही उडाली. कुणीतरी दारात रॉकेलचा स्टोव्ह आणून ठेवला. अण्णा त्या स्टोव्हकडे आणि मग बहिणीकडे बघायला लागले. मामी उठल्या. त्यांनी स्टोव्ह उंबऱ्याबाहेर सरकवला आणि ताटं घेतली. डब्यातल्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, दही, फोडलेला कांदा, आणि शिजलेल्या डाळीत कालवलेला गूळ. हे होळिगे, असं सांगून वाढलं. अण्णांनी ताटातलं सगळं संपवलं. जेवून हात पुसत म्हणाले, "झालं बघून. पिशवी भर."

"ब्याडा," मामी म्हणाल्या. नको, एवढाच त्याचा अर्थ. पण भावापुढे तो शब्द त्यांनी बहुधा पहिल्यांदाच काढला असावा. "अण्णा, तुझ्याकडं दोन सुना हायत. घर कसं सुरळीत चाललंय. तितं माझ्यावाचून काय अडतंय? हितं ह्यांचं रोज अडतंय की."

मामांनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. ते पाठमोरे उकिडवे बसून दोन तुकडे तांब्याच्या तारेने बांधायची खटपट करत होते, आणि एक धरला की दुसरा निसटत होता. अण्णा उठले. मग धोतर सावरून मामांच्या समोर बसले, दोन्ही तुकडे हातांत जुळवून धरले आणि म्हणाले, "हं. बांधा, पावणं."

मामी नंतर कितीतरी वर्षं त्या चाळीत, त्या ओट्याशी राहिल्या. नवी तबकडी आली, कॉइली आल्या आणि तरण्या झाल्या, पंखे थांबत राहिले. चाळीत गॅस आला तेव्हा मामींनी तो घेतला नाही. हे सिलिंडर उघडून बघतील, असं कारण त्या सांगायच्या, आणि ते कुणालाच खोटं वाटायचं नाही. मग एका उन्हाळ्यात मामा गेले. अण्णांची मुलं न्यायला आली, आणि या वेळी मामी पिशवी भरून त्यांच्याबरोबर गेल्या.

मी त्यांना भेटायला अक्कलकोटला गेले. मोठं, स्वच्छ घर. सुना प्रेमळ. धुराचं नाव नाही, मामींचा दमाही बराच उतरलेला. सुनेने चहा आणला, तो अगदी वेळेवर आणि गरम. मी म्हटलं, "मामी, छान आहे सगळं इथे." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि थोडा वेळ स्वयंपाकघराकडे कान देऊन बसल्या.

"व्हय गं," त्या म्हणाल्या. "हितं काही बिघडतच न्हाय."