अजून न निघालेला लॅपटॉप

माझ्या नातीचं लग्न एका लॅपटॉपवर अडलं, आणि तो लॅपटॉप तेव्हा कुठल्याच दुकानात आलेला नव्हता. कंपनीनं तो काढणार म्हणून सांगितलंसुद्धा नव्हतं. लोक नुसते म्हणत होते. असल्या वस्तूवरून नवऱ्याकडची माणसं सतरंजीवरून उठून गेली, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. मी तिथंच बसले होते आणि पहिला आवाज माझाच चढला होता, म्हणून मीच लिहिते.

आम्ही चाकूरला राहतो. मुलगा शाळेत मास्तर आहे, गावाकडं थोडं शेत आहे. नात नांदेडला कंप्युटरचं शिकली आणि आता घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. लोक मोबाइलवर जे काही उघडतात ते नीट उघडतं का, कुठं अडतं, हे तपासायचं काम. मला आधी तो पोरखेळ वाटला. पगार यायला लागला तेव्हा गप्प बसले.

तिचा लॅपटॉप बापानं वापरून टाकलेला होता. झाकण एका बाजूनं निखळलेलं, म्हणून ती मागं वरवंटा टेकवून ते उभं करायची. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालायचा. लाइट गेली की तोही गेला, आणि चाकुरात लाइट किती वेळा जाते ते आम्हाला विचारा. तापला की आतला पंखा असा घरघरायचा की सून स्वयंपाकघरातून ओरडायची, "गिरणी लावली का गं?" नात त्याच्याखाली स्टीलचं ताट पालथं घालायची. ताट तापलं की दुसरं. आमच्या घरी ताटांचे दोन ढीग असायचे, एक जेवायचा आणि एक लॅपटॉपचा.

दोन वर्षं ती बापाच्या मागं लागली होती.

"पप्पा, हा आता चालत न्हाई."

"चालून राहिला की. आवाज येतोय मला."

"तो आवाजच तर चालत न्हाई म्हणून येतोय."

"लग्न ठरू दे. नवरा घेऊन देईल."

मीही त्यात होते. "दोन दिसांची पाहुणी तू. काय घ्यायचं ते सासरी जाऊन घे," असं मी म्हटलेलं आहे. ते लपवायचं कारण नाही.

मग तिला एका येणाऱ्या मॉडेलचं वेड लागलं. जेवताना मोबाइल पाण्याच्या गडव्याला टेकवून ठेवायची आणि त्यात एक दाढीवाला पोरगा घाईघाईनं सांगत असायचा की पुढच्या लॅपटॉपमध्ये हे येणार, ते येणार.

"ह्याला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोणी न्हाई. अंदाज हाय. कुणीतरी कारखान्यातून फोटो फोडलाय म्हणे."

"पोटातल्या लेकराचा रंग सांगून राहिलाय का हा?"

ती हसली, पण मोबाइल काही हलवला नाही.

त्याच उन्हाळ्यात लातूरचं स्थळ आलं. मुलगा अर्धा महिना पुण्याला आणि अर्धा महिना लातूरच्या घरूनच काम करायचा. बघणं झालं, पसंती झाली. त्याची आई म्हणाली, "आम्हाला काही नको. मुलगी आन नारळ." मला ती बाई आवडली. पोरं फोनवर बोलायला लागली. नात अंगणात खुर्ची टाकून बोलायची आणि मी जवळच तांदूळ निवडत बसायची. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी तांदूळ निवडायचे असतातच. मला वाटलं, काहीतरी लाजण्यासारखं ऐकायला मिळेल. पण ऐकायला काय यायचं, तर बॅटरी दिवसभर पुरणार म्हणतात, पंखाच नसणार म्हणतात, मेमरी दुप्पट केली तरच घेण्यात अर्थ आहे. मी सुनेला म्हटलं, "ह्यांची पत्रिका कशाला बघितली? दोघांचे लॅपटॉप जुळवून बघायचे होते."

पावसाळा संपत आला तेव्हा यादीचा दिवस ठरला. आमच्याकडं लग्न पक्कं झालं की यादी होते. दोन्हीकडची चार मोठी माणसं बसतात, कागदाला हळदकुंकू लावतात आणि कोणी काय करायचं ते लिहून काढतात. कपडे कोणाचे, जेवण कोणाचं, मांडव कोणाचा. एकदा यादीत लिहिलं की मागंपुढं होत नाही.

पाहुणे लातुराहून सकाळीच आले. मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा ठेवला. यादी सरळ चालली होती. शेवटी मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आणखी काही?" माझ्या मुलानं पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात नवरा मुलगा बोलला.

"एक लॅपटॉप."

त्याची आई मान फिरवून त्याच्याकडं बघायला लागली. तिलाही माहीत नव्हतं, हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

माझा मुलगा मात्र हसला. मला वाटतं त्याला हायसंच वाटलं असेल, गाडी मागितली नाही म्हणून. "तेवढंच ना? उद्या लातूरला जाऊन घेऊ," तो म्हणाला आणि टोपण काढलं.

उद्या. दोन वर्षं पोरगी मागं लागली होती आणि हा उद्या म्हणत होता. पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही. ते फार उशिरा आलं.

"आत्ताचा नको," नवरा मुलगा म्हणाला. "पुढचा येणार आहे तो."

"कधी येणार?"

"दसरा-दिवाळीत बहुतेक. अजून सांगितलं नाही त्यांनी."

मग तो बोटांवर मोजत सांगायला लागला. बॅटरी मोठी येईल, वजन कमी होईल, मेमरी वाढली तर वाढलेलीच घ्यायची, पंखा गेला तर उत्तम. सगळं येईल, होईल, असेल. आणि माझा मुलगा, मास्तर माणूस, हळदकुंकू लावलेल्या कागदावर ते उतरवून घेत होता.

मला राहवलं नाही. "बास करा," मी म्हटलं. "नारळ आन मुलगी म्हणाला होता तुम्ही. हा नारळ कुठून काढला? जे जन्मालाच आलं न्हाई ते मागून राहिला तुमचा पोरगा. कमावता हाय, तरी भीक मागायला लाज वाटत न्हाई का?"

नवऱ्या मुलाचं तोंड लाल झालं. पण तो मला उलट बोलला नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्याची आई उठली. "आमच्या लेकराला भिकारी म्हणलात तुम्ही," म्हणाली, चप्पल घातली, आणि मागोमाग सगळेच गेले. चहा तसाच राहिला.

मी स्वयंपाकघरात गेले ती शाबासकी मिळेल अशा थाटात. नात भिंतीला पाठ लावून बसली होती.

"आज्जी, काय केलंस तू?"

"काय केलं? तुला वाचवलं."

"मीच सांगितलं होतं त्याला मागायला."

तिनं रडत वगैरे सांगितलं नाही, कामाचं सांगावं तसं सांगितलं. दिवाळीपासून कंपनीचं नवीन काम सुरू होणार होतं. ते जुन्या मशीनवर उघडतच नाही. ज्याच्याकडं मशीन नाही त्याचं काम जाणार होतं. पगारातला पैसा बापाकडं जात होता, लग्नासाठी म्हणून. बापाला हे सगळं तिनं सांगून बघितलं होतं.

"मी दोन वर्षं मागितला, तर लग्न ठरू दे. त्यानं एकदा मागितला, तर उद्या. तू ऐकलंस ना?"

ऐकलं होतं.

"तो तर नकोच म्हणत होता," ती म्हणाली. "म्हणाला, मला लोक काय म्हणतील. मीच गळ घातली. म्हटलं, तुझ्या नावानं येऊ दे, वापरणार मी."

मग तिनं एक वही पुढं केली. मी चौथी शिकलेली आहे, मला वाचता येतं. त्यात त्या येणाऱ्या लॅपटॉपचं पानभर लिहिलेलं होतं. प्रत्येक ओळीपुढं नक्की, म्हणतात किंवा माझी आशा, यांतलं एक लिहिलेलं. नक्की असं एकाही ओळीपुढं नव्हतं. बॅटरी दिवसभर, म्हणतात. पंखा नको, सासरी आवाजाचा त्रास होईल, माझी आशा. अक्षरांखाली उजेड हवा, खोलीत कोणी झोपलं असेल तर दिवा लावावा लागणार नाही, म्हणतात. वजन कमी हवं, एका हातानं उचलता यावा, दुसरा हात मोकळा पाहिजे, माझी आशा.

दुसरा हात कशाला मोकळा पाहिजे ते मला समजलं. मला वाटलं होतं पोरीला नव्या वस्तूची हौस आहे. तिनं तर सासरची खोली, झोपलेला नवरा, न झालेलं लेकरू, सगळं धरून हिशोब मांडला होता. लग्नात काय नेसणार हे तिनं एकदाही काढलेलं मला आठवत नाही.

चूक माझी होती, म्हणून दोन दिवसांनी मीच एसटीनं लातूरला गेले. कोणाला विचारलं नाही. मुलाच्या आईनं दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसली.

"विहीणबाई, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुमचा पोरगा स्वतःसाठी मागत नव्हता. माझ्या नातीनं मागायला लावलं." आणि सगळं सांगितलं. वाटलं, बाईच्या मनावरचं ओझं उतरेल.

तिनं पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पोरानं मागितलं असतं तर त्याचं काय न्हाई हो. चार घरी मागतेत, आम्हीही गिळून घेतलं असतं. पण लग्नाच्या आधीच पोरगी पोराला पढवून चार माणसांत बोलायला लावते? एवढी चलाख सून आम्हाला झेपायची न्हाई."

मी पिशवी उचलली. "म्हंजे पोरगा हावरा चालतो आन पोरगी कामाची चालत न्हाई?"

"तुम्ही शब्द फिरवू नका."

"मी कुठं फिरवले? तुमचेच हायेत."

चहाला मी थांबले नाही. तिनंही आग्रह केला नाही.

घरी येऊन नातीला सांगितलं. ती म्हणाली, "खरं कशाला सांगितलंस?"

"खोट्यावर चाललं असतं का?"

"चाललंच होतं की, तू मधी बोलेपर्यंत."

माझ्या तोंडावर असं कोणी बोलत नाही. पण ते खरं होतं.

संध्याकाळी माझा मुलगा जेवायला बसला तेव्हा त्यालाही सगळं सांगितलं. तो पोरीवर चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला लातूरवाल्यांवर. ताट सरकवून म्हणाला, "माझ्या पोरीला चलाख म्हणते? कोण लागून गेली ती?"

"ती एकदा म्हणाली," मी म्हटलं. "आपण दोन वर्षं काय म्हणून राहिलो? पाहुणी म्हणलो, नवरा घेईल म्हणलो. परवा तू जावयाला उद्या म्हणालास. पोरीला कधी म्हणालास?"

"माय, जावयाला दिलं काय आन पोरीला दिलं काय, एकाच घरात राहणार ना?"

त्यानं हे भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच फरक दिसत नव्हता. शिकलेला, दुसऱ्यांच्या पोरींना शाळेत बक्षिसं वाटणारा माझा मुलगा. आणि तो हे माझ्याचकडून शिकला होता, दुसऱ्या कोणाकडून शिकणार?

"मग पोरीलाच दे," मी म्हटलं. "एकच हाय म्हणतोस तर."

तो उठून हात धुवायला गेला. रविवारी सकाळी कपडे करून उभा राहिला आणि नातीला म्हणाला, "चल, लातूरला. आज घेऊ."

नात जागची हलली नाही. "आज नको पप्पा. नवीन यायला महिनाच राहिलाय म्हणतात."

"आता मी घ्यायला निघालो तर तुला नको?"

"दोन वर्षं तुम्ही थांबवलंत. आता एक महिना मी थांबवते."

बाप तसाच खुर्चीत बसला. मीच हसले, दुसरं कोणी हसलं नाही. तो महिना मला फार जड गेला. नातीपेक्षा मीच जास्त धास्तावले होते. लॅपटॉप निघालाच नाही तर? निघाला आणि तोवर माझ्या मुलाचा लातूरवाल्यांवरचा राग उतरलेला असला तर? रोज सकाळी विचारायची, "आला का गं?" आणि ती म्हणायची, "आज्जी, तुलाच घ्यायचाय का?" नवरा मुलगा लातूरहून नातीला अजून फोन करायचा. आईला समजावतोय म्हणायचा. आई ऐकत नाही, असंही म्हणायचा.

दसऱ्यानंतर तो लॅपटॉप निघाला. दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही तिघं लातूरला गेलो. दुकानात नातीनं वही काढून एकेक तपासलं. मेमरी म्हणाले होते तेवढीच वाढली होती. अक्षरांखाली उजेड होता. पंखा गेला नव्हता, तो होताच. वजन थोडंसं कमी. तिनं एका हातानं उचलून बघितला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाली, "चालेल."

दुकानदारानं बिलाचं पुस्तक ओढलं. "नाव सांगा."

माझ्या मुलानं सवयीनं स्वतःचं नाव सुरू केलं. अर्ध्यावर थांबला. आमच्या घरात शेत, घर, गाडी, काहीच कधी बाईच्या नावानं लिहिलं गेलेलं नाही. त्याची जीभ तिकडं वळेना. दुकानदार पेन धरून वाट बघत राहिला. शेवटी मुलगा बाजूला सरकला आणि नातीला म्हणाला, "तूच सांग."

तिनं सांगितलं. दुकानदारानं लिहिलं, तिनं सही केली.

येताना एसटीत खोकं तिच्या मांडीवर होतं. मी विचारलं, "आन लग्नाचं काय करायचं?"

"सोमवारपासून नवीन काम सुरू होतंय," ती म्हणाली. "ते आधी करू दे."