छातीतली तुटकी तार

आमच्या कामात किस्से शोधत हिंडावं लागत नाही. पेशंट ते छातीत घेऊनच येतात! चार दिवस नांदेड, दोन दिवस लातूर. बारा वर्षं मी हेच करतेय. ज्यांच्या छातीत, गळ्याजवळच्या हाडाखाली शॉक देणारं मशीन बसवलंय, त्यांची तपासणी. हृदय बेफाम धावायला लागलं की मशीन शॉक देऊन त्याला ताळ्यावर आणतं. मशीन सहसा दगा देत नाही. दगा देते ती मशीनपासून हृदयात गेलेली तार. प्रत्येक ठोक्याला वाकते बिचारी, थकते. थकलेय मीही, पण माझी तपासणी करणारं कुणी नाही!

*

औशाचे एक रिटायर्ड मास्तर. तार बिघडली की काही मशीनं रोज ठरलेल्या वेळी छातीतूनच बीप देतात. मास्तरांचं सकाळी आठला वाजायचं. घरच्यांनी मोबाईल, मिक्सर, इन्व्हर्टर सगळं पालथं घातलं. शेवटी नात म्हणाली, "अगं आई, आजोबाच वाजायलेत!"

मी विचारलं, "किती दिवस झाले, सर?"

"तीन आठवडे."

"मग आला का नाहीत?"

"टायमाला एकदम पक्कं होतं, मॅडम. म्हटलं, ठीकच चाललंय की!"

*

लातूरचे अप्पा, कापड दुकानदार. वरच्या फळीवरचं ठाण काढायला हात वर केला की शॉक! हात खाली, की काही नाही. हात उचलला की तुटकी तार खरखरायची आणि मशीनला वाटायचं, हृदय बिथरलं. अप्पांचा संशय मात्र दुकानाच्या वायरिंगवर. ट्यूबलाइट काढली, नवीन अर्थिंग केलं. तरी शॉक!

शेवटी वायरमननं टेस्टर खिशात घातला. "अप्पा, दुकानात कुठंच लीकेज न्हाई. तुमच्यातच हाय!"

निदान शंभर टक्के बरोबर.

*

मुखेडच्या गंगाबाईंचा एक्स-रे आमच्या डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवला. कातडीखाली मशीन गोल गोल फिरलेलं, तार त्याच्याभोवती गुंडाळलेली, हृदयातलं टोक निघून वर आलेलं.

मी विचारलं, "बाई, मशीन हातानं फिरवता का?"

"या बया! मी कशाला हात लावू?" म्हणाल्या. आणि बोटं तिथंच, फिरवणं चालूच!

परत ऑपरेशन.

*

मग कंपनीचं पत्र आलं. एका जातीच्या तारा लवकर तुटू शकतात, पेशंटना कळवा. कळवायचं कुणी? मी! उदगीरच्या एका गृहस्थांना फोन लावला.

"म्हणजे तार काढायची का?"

"नाही काका, काढण्यातच जास्त धोका आहे."

"मग बदलायची?"

"तुटली तर. सध्या लक्ष ठेवायचं."

मग अगदी हळू आवाजात, "मग ताई, सांगितलं कशाला?"

यादीत अजून अकरा नावं होती. मी चहा घेऊन आले आणि पुढचा नंबर लावला.

*

आणि हदगावच्या सुनंदाबाई. शाळेत शिकवायच्या. दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता पहिला शॉक बसला. लगेच दुसरा. तार तुटली होती. हृदय ठणठणीत, पण मशीनला पटेना! त्यांचे मिस्टर, शेतीऔषधांचं दुकान चालवणारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी जीप केली आणि थेट नांदेडची वाट धरली.

शॉक बसताना पेशंटला हात लावलेल्या माणसालाही झिणझिण्या येतात. धोका नसतो, पण दचकायला होतं. वाटेत बाई सीटवरून घसरल्या, तेव्हा ड्रायव्हरनं सावरायला हात दिला. नेमका तेव्हाच शॉक! त्यानं हात असा काही मागं घेतला, की नांदेड येईपर्यंत वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी धावत जाऊन मशीनचे शॉक बंद केले. बाई घामानं भिजलेल्या, डोळे मिटलेले. मिस्टरांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरलेला.

"झालं बाई, आता नाही बसणार," मी म्हणाले. डॉक्टरांनी तार बदलायचं दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं. ती बदलली, आणि बाई आता परत शिकवतात.

पण तेव्हा मला कागदावर नोंद करायची होती. मी विचारलं, "शाळेतले सोडून, जीपमध्ये एकूण किती शॉक बसले?"

बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "नऊ."

मिस्टर म्हणाले, "मला बी नऊच."