पाऊस मागणारी मावशी

सुरतेत प्लेग आला त्या चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात आमच्या शेजारच्या मावशींनी आमच्याच बाहेरच्या खोलीत उभं राहून देवाकडे पाऊस मागितला. शहर पावसानं कुजलं होतं. माझी मुलगी आतल्या पलंगावर तापानं फणफणली होती. आणि ही बाई पाऊस मागत होती.

तेव्हा आम्ही डिंडोलीच्या बाजूला एका तीन मजली इमारतीत राहत होतो. नवरा बँकेत, मी लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षिका. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या घरांतली. मुलगी जेमतेम तीन वर्षांची. आमच्या समोरच्या दारात मावशी एकट्या राहायच्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या नर्स. नवरा रेल्वेत होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झालेली. चोपून नेसलेलं सुती पातळ आणि बोलणं अलिबागकडचं, त्यामुळे मी त्यांना कोकणातल्या हिंदू समजून चालले होते. मग एका शुक्रवारी संध्याकाळी साखर मागायला गेले, तर त्या डोक्यावर पदर घेऊन दिव्यापुढे डोळे झाकून उभ्या.

"आम्ही बेने इस्राएल," नंतर त्या म्हणाल्या. "ज्यू गो. गावात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून."

त्यांचे वडील मात्र घाण्यावर बसले नाहीत. ते गावच्या शाळेत मास्तर होते आणि समाजाच्या प्रार्थनाही तेच चालवायचे. हिब्रू त्यांनी मुलीलाही शिकवली. सुरतेत मावशींच्या लोकांचं प्रार्थनामंदिर नव्हतं, म्हणून मोठ्या सणांना त्या मुंबईला जायच्या. त्या वर्षी गुडघे दुखत होते म्हणून राहिल्या आणि त्यांनी आपल्या गॅलरीतच मांडवाचा सण मांडला. चार बांबू आणि वर नारळाच्या झावळ्या. झावळ्या विरळच ठेवायच्या, आभाळ दिसलं पाहिजे, असा नियम. आभाळ दिसायचं आणि गळायचंही. पहिल्या दिवशी त्यांनी मला आत जेवायला बसवलं तेव्हा माझ्या आमटीत टपटप पाणी पडत होतं.

मला त्या पाण्याचा राग आला. त्या वर्षी पावसानं जीव नकोसा केला होता. तापीचं पाणी वस्त्यांत शिरून ओसरलं होतं, पण चिखल तसाच होता. लिंबायतच्या गल्ल्यांत मेलेली जनावरं पडलेली, शाळेच्या भिंतींना कमरेएवढी ओल. वर्गात शिकवताना मी सारखी दाराकडे बघायचे. कशाची वाट बघत होते ते मलाच कळत नव्हतं. घरी आले की कपडे वाळलेत का ते बघायचे, परत गॅलरीत जायचे, परत आत. नवरा म्हणायचा, "अगं, जरा बस की एका जागी."

"हा मेला पाऊस एकदाचा जाऊ दे," मी मावशींना म्हटलं.

"असं नको म्हणू. आमच्याकडे पाऊस म्हणजे देवाचा आत्मा."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. आमटीची वाटी त्यांनी माझ्यापुढून उचलून कोरड्या बाजूला सरकवली आणि आपल्या संदेष्ट्यांचं सांगू लागल्या.

"संदेष्टे म्हणजे भविष्य सांगणारे ना?"

"भविष्य कसलं! राजाच्या तोंडावर वाईट बोलायची ती माणसं. त्यांच्या मुलखात तापीसारखी नदी कुठे होती? आभाळातून आलं तर दाणा, नाही तर धूळ. म्हणून देव माणसात कसा उतरेल हे सांगायचं झालं की ते पाऊसच सांगत. तहानेल्या जमिनीवर ओततात तसा तो ओतला जाईल म्हणत. म्हाताऱ्यांवर, पोरांवर, घरात राबणाऱ्या दासींवरसुद्धा. माझे बाबा म्हणायचे, दासींवर आधी." मग जरा थांबून म्हणाल्या, "आधी असं कुठे लिहिलेलं नाही. ते बाबांचं आपलं."

त्यांनी मला एक शब्दही सांगितला, रुआख. वारा, श्वास आणि आत्मा, तिन्हींना हा एकच शब्द. मला तो आवडला, पण पटलं काही नाही. ज्या पावसानं माझ्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं आणि अंथरुणं वाहून नेली त्यात कसला आत्मा, असं मी म्हटलं. मावशी म्हणाल्या, "तुझंही खरंच आहे," आणि मला आणखी भात वाढला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच बातमी फुटली. आधी कुणी म्हणे पाण्यात विष कालवलंय, कुणी म्हणे ताप. मग प्लेग हा शब्द आला. मी शाळेत गेले तर वर्गात पाच-सहाच मुलं. एका मुलीची आई तिला न्यायला आली होती, पदर नाकातोंडावर बांधलेला.

"बाई, आम्ही गावले जाई ऱ्हायनूत," ती म्हणाली. "तुम्ही बी निंघा. आठे काय ऱ्हायनं आते?" इथे आता राहिलंय काय.

मी घरी आले तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता. रिक्षा, टेम्पो, सायकली, डोक्यावर बोचकी, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. सगळी गर्दी उधना स्टेशनाकडे, भुसावळची गाडी धरायला. नवराही लवकर आला होता. त्यानं आधीच दोन बॅगा काढल्या होत्या.

"जळगावला आईकडे जाऊ," तो म्हणाला. "आत्ताच निघू."

मी कपडे भरले, काढले, परत भरले. मुलीचा स्वेटर सापडेना. तिला उठवायला गेले आणि तिच्या कपाळाला हात लावला तो चटका बसावा तसा मागे घेतला.

त्या क्षणापासून पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. नवरा पलंगाजवळ आला, त्यानं बॅगा पायानं बाजूला सारल्या. मग खाली गेला, कोपऱ्यावरच्या दोन्ही दवाखान्यांना कुलूप बघून परत आला. तिसरा दवाखाना उघडा होता, पण तिथल्या कंपाउंडरनं दारातूनच सांगितलं, "तापवाळा पेशंटने सिविल लई जाव." ताप असलेल्याला सरळ सिव्हिलमध्ये न्या. सिव्हिलमध्ये प्लेगचेच रोगी होते. तिथे नेलं आणि तिला दुसराच काही ताप असला तर? न न्यावं आणि तोच असला तर? आम्ही दोघं हळू आवाजात भांडत होतो. आमच्या आवाजानं इमारतीत कळेल आणि आम्हाला बाहेर काढतील ही भीती वेगळीच. गाडीत तापलेलं मूल घेऊन बसणं तर शक्यच नव्हतं.

शेवटी मीच समोरचं दार वाजवलं. मावशी लगेच आल्या. हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं, मुलीला उताणी झोपवून तिच्या काखा, मान, जांघा चाचपल्या. मग पाठीला कान लावून बराच वेळ श्वास ऐकला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो काहीच सांगत नव्हता.

"गाठ नाही. छाती साफ आहे. खोकला नाही," त्या उठत म्हणाल्या. "मला तरी हा तो ताप वाटत नाही. पण आज रात्र मी काही ठाम सांगणार नाही. खोकला सुरू झाला, श्वास जोरात चालला, तर कुणाला विचारू नका. सरळ सिव्हिल. मी बरोबर येते."

"तुम्हाला भीती नाही वाटत?" नवऱ्यानं विचारलं.

"वाटते तर. नोकरीतही वाटायची."

त्या स्वतः शहर सोडून गेल्या नाहीत, याचं मला नवल वाटत होतं. मुंबईला त्यांचा भाचा होता. पण रोज सकाळी त्या लिंबायतच्या शाळेत, माझ्याच शाळेत, उघडलेल्या तात्पुरत्या केंद्रावर प्लेगच्या गोळ्या वाटायला जायला लागल्या. दुपारी परत आल्या की खालीच साबणानं हातपाय धुवायच्या, पातळ बदलायच्या आणि मुलीजवळ येऊन बसायच्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. चढताना ती कुडकुडायची, तिचे दात वाजायचे. मी थंड पाण्याच्या घड्या ठेवायचे आणि मध्येच उठून खिडकीशी जायचे. खाली रस्ता रिकामा झाला होता. लूमचा खडखडाट बंद पडला होता, आणि त्या आवाजाची इतकी सवय होती की शांततेनं कान दुखत होते.

मग एके दिवशी मावशी केंद्रावर गेल्याच नाहीत. आंघोळ करून पांढरं पातळ नेसून आल्या. "आज आमची पावसाची प्रार्थना असते," त्या म्हणाल्या. "मंदिरात दहा पुरुष लागतात. इथे कुठले आणू? पण बाबांची मला पाठ आहे. पोरीजवळ राहूनच म्हणते, तुला चालेल ना?"

मी मान हलवली. त्या बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि हलक्या सुरात म्हणू लागल्या. मला एकच शब्द ओळखू आला, रुआख. त्यापुढचं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. वारा वाहवणाऱ्या आणि पाऊस पाडणाऱ्या देवाचं ते स्तवन होतं. खिडकीबाहेर आभाळ भरून आलेलं. डोक्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं.

"पाऊस?" मी मोठ्यानं म्हटलं. "अजून पाऊस मागताय? बाहेर बघा तरी! पावसानंच हे सगळं केलंय. आणि तुमच्या देवाला तुम्ही तोच मागताय?"

नवरा आतून धावत आला. मावशींनी प्रार्थना थांबवली नाही. शेवटपर्यंत म्हटली, तीन पावलं मागे सरकल्या, वाकल्या. मग माझ्याकडे वळल्या. डोळे ओले होते.

"मी हा पाऊस मागत नाही गो," त्या म्हणाल्या. "मागतेय तो त्या संदेष्ट्यांच्या दूरच्या मुलखासाठी. मी कधी पाहिलेलाही नाही तो. इथे पाऊस संपतो तेव्हा तिथे सुरू व्हायचा असतो. आमच्या कोकणातल्या किती पिढ्यांनी भर चिखलात उभं राहून तिथला पाऊस मागितला असेल."

"आणि आत्म्याचं काय? तो कुठे पडतोय इथे?"

"माहीत नाही." त्या खुर्चीवर बसल्या. खूप थकलेल्या दिसल्या. "काल त्या केंद्रावर एक म्हातारी सफाईवाली आली. स्वतःच्या गोळ्या घेतल्या आणि परत गटारावर कामाला गेली. तिला म्हटलं, गावाला नाही गेलीस? म्हणाली, मग हे कोण काढणार? मी तिच्याकडे बघत राहिले. बाबा दासींचं म्हणायचे ते आठवलं. बस, इतकंच. याच्यापुढे मला विचारू नको."

मुलगी आतून पाणी मागत होती. मी गेले. तिला पाणी पाजलं, पण मावशींवरचा माझा राग अजून गेला नव्हता.

शेवटी मावशींच्या ओळखीनं एका प्रयोगशाळेत रक्त तपासलं. हिवताप निघाला. क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या साखरेत कालवून दिल्या. मुलगी त्या थुंकायची, मावशी परत द्यायच्या. मी म्हटलं, "तुमच्या पावसाचेच डास हे." मावशी पोट धरून हसल्या. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

दिवाळीच्या आधी लोक परतू लागले. गल्ल्या धुऊन निघाल्या, लूम सुरू झाले, माझा वर्ग पुन्हा भरला, पण दोन मुलं आलीच नाहीत. ती गावीच राहिली असं सगळे म्हणत. मी जास्त चौकशी केली नाही, आणि त्याची हुरहूर बराच काळ राहिली.

दशक संपता संपता मावशी भाच्यामागोमाग इस्राएलला गेल्या. मध्ये मी शाळेच्या वाचनालयातून त्यांच्या संदेष्ट्यांचं मराठी भाषांतर मिळवून वाचलं होतं. त्यात पावसाचा आत्मा सापडला, पण गारांचा आणि सगळं बुडवणारा, संतापलेल्या देवाचा पाऊसही सापडला. एकदा त्यांचा फोन आला तेव्हा मी तेच विचारलं. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तेही आहे," त्या म्हणाल्या. "ते वाचायला आलं की बाबा आवाज खाली आणायचे. मीही तुझ्यापुढे खालीच आणला असेल."

"मग यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही असणार गो. पोरगी कशी आहे?"

मी सांगितलं, उंच झालीय, हट्टी झालीय. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं, पण आवाज तुटत होता. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. मग फोन बंद झाला, आणि मी रिसीव्हर ठेवून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागले. नवऱ्यानं पेपरातून मान वर केली, पण या वेळी "बस की एका जागी" असं म्हणाला नाही.