देवकाबाईंच्या नावाचं जनावर

माझी नणंद अंकिता पिपरी मेघेला आमच्याच घरात, वरच्या खोलीत राहते. वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पण तिचा जीव महाकाय स्लॉथमध्ये. हे प्राणी आता नाहीत. हजारो वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत होते. हत्तीएवढे, अंगभर केस, लांब नख्या, खाणं झाडपाल्याचं. त्यांची दगड झालेली हाडं सापडतात. कोणतं हाड कोणत्या जातीचं, हे अंकिता मापं घेऊन ठरवते. तिकडे शिकायला गेली होती, तेव्हा काही हाडांचे हुबेहूब प्लास्टरचे नमुने घेऊन आली. खोकी उघडली तेव्हा मी म्हटलं, देवघराच्या डोक्यावर हाडं नकोत.

"वहिनी, प्लास्टरच आहे. गणपतीबी त्याचेच आणतो आपण."

मग मीच तिला ती फळीवर मांडू लागले.

त्यातलं मांडीचं एक हाड इतरांपेक्षा लहान होतं. ही लहान चणीची वेगळीच जात, असा लेख तिने लिहिला आणि तो छापून आला. नवी जात सांगणाऱ्याने नाव ठेवायचं असतं. तिने आपल्या आईचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, देवकाबाईंचं ठेवलं. सासूबाईंनी ते साऱ्या पिपरीला सांगितलं. पारायणाला आलेल्या रुख्माबाईंनी विचारलं, "कसं दिसते वं तुह्यं जनावर?"

"माह्यासारखंच. बुटकं, पन हाडाचं मजबूत."

यंदा श्रावणात तिकडच्या संग्रहालयाने मूळ हाडाचा स्कॅन पाठवला. त्या दिवशी अंकिता जेवायला खाली आलीच नाही. मी ताट घेऊन वर गेले. स्क्रीनवर हाडाच्या टोकाशी एक बारीक रेघ दिसत होती.

"पिल्लाच्या हाडाचं टोक सुटं असते, वहिनी. वाढ संपली की जुळते. हे जुळलंच नव्हतं. साचा घेताना भेगांत मेण भरतात, त्यात ही रेघ बुजली. अन् मी मापं घेतली नमुन्यावरून."

"म्हणजे लहान जात नाही?"

"मोठ्याच जातीचं पिल्लू. आता नाव मागं घ्या लागते."

"कोणाला कळलंय का?"

"नाई. पन उद्या कोणी आणखी पिल्लांची हाडं त्याच नावाखाली लावत बसंल."

ह्यांनी, म्हणजे तिच्या भावाने, सचिनने सुचवलं, "दुरुस्तीचा लेख पाठव, आईले नको सांगू. तिले काय समजते!" अंकिताला ते पटलं नाही. पण सांगायचा धीरही होईना. आईला एवढं मिरवताना तिने पाहिलं होतं.

शेवटी एका सकाळी सासूबाई अंगणात गवारीच्या शेंगा मोडत होत्या, तिथे जाऊन बसली.

"आई, ते पिल्लू निघालं. तुह्यं नाव काढा लागते."

"काऊन? पिल्लाले नाव नाई ठेवत का?"

"त्याच्या जातीले दुसऱ्यानं आधीच ठेवलं आहे. आधीचं तेच चालते."

"मंग माह्यं खोडून टाकतं?"

"खोडत नाई. त्या नावाखाली बारीक अक्षरात राह्यते, का एका काळी हेही म्हनत होते."

सासूबाईंनी दोनचार शेंगा मोडल्या. "माहेरी माह्यं नाव यमुना होतं. लग्नात बदललं. ते त कोनी बारीक अक्षरातबी नाई ठेवलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "रुख्माले काय सांगू आता?"

"सांग, पोरीची चूक झाली."

"मी काऊन सांगू? चूक तुही. तू जाजो अन् सांगजो."

एकादशीला अंकिता रुख्माबाईंकडे जाऊन आपली चूक सांगून आली. त्याच दुपारी तिने लेख पाठवला. पुढचे काही दिवस सासूबाई तिच्याशी कामापुरतंच बोलल्या.