कनेक्टर ओढून पाहणारी बाई

ती घटना आजही आठवते. खरं सांगायचं तर आठवू नये असंच फार वाटतं. जालना एमआयडीसी आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत. स्टीलच्या मिलमधून सळई चोरीला गेल्याच्या फिर्यादी रोजच्याच. एका दुपारी मात्र मोटारीचं वायरिंग बनवणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर आला आणि त्यानं टेबलावर मूठभर प्लास्टिकचे कनेक्टर ठेवले. वायरी एकमेकींना जोडणारे हे तुकडे. काही बटणावर सरकणाऱ्या सीटचे, काही स्टिअरिंगखालचे. कारखान्याचा शिक्का असलेला माल बाजारात सुटा विकला जातोय, म्हणजे आतून चोरी होतेय, अशी त्याची फिर्याद.

दोन दिवसांत खबऱ्याचा फोन आला. "साहेब, भोकरदनच्या गॅरेजात पोतंभर माल पडून हाय." पंचांना घेऊन गेलो, पंचनामा केला, माल जप्त केला. गॅरेजवाला हात जोडून सांगत होता, "जालन्याच्या भंगारवाल्याकडून घेतला साहेब, चोरीचा न्हाई." भंगारवाल्याचं नाव प्रत्येक चोर घेतो, म्हणून मी कानाआड केलं. त्यात गॅरेजवाल्याची सख्खी बहीण त्याच कारखान्यात कामाला असल्याचं निघालं. मला वाटलं, सुटलं कोडं.

तिला चौकशीला आणायला मी शिफ्ट सुटायच्या वेळीच जीप गेटवर लावली. महिला शिपायांनी तिला सगळ्यांच्या देखत जीपमध्ये बसवलं. साधा निरोप धाडला असता तरी ती आली असती. पण धाक बसला पाहिजे, हा तेव्हाचा माझा खाक्या.

बाई चाळिशीची, नवरा वारलेला, दोन मुली शिकत होत्या. रडली नाही. "इतकी वर्षं काम करून राह्यले, एक पिन घरी नेली न्हाई," एवढंच पुन्हा पुन्हा. मी आवाज चढवला, जप्त माल तिच्यापुढे ओतला आणि म्हणालो, "ओळख."

चोर मुद्देमालाला सहसा हात लावत नाही, नजरही चुकवतो. या बाईनं सवयीनं दोन तुकडे उचलले, एकमेकांत दाबले, टक् आवाज ऐकला आणि ओढून पाहिलं. कारखान्यात दिवसभर तिचं हेच काम. जोड सुटला. दुसरा घेतला, तोही सुटला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"साहेब, हा रिजेक्ट माल हाय. बराबर लॉक झालेला असा निघत न्हाई. स्टिअरिंगखाली बसवला तर धक्क्यानं सुटंल, अन् वेळेला एअरबॅग उघडणार न्हाई."

"रिजेक्ट मालाचं काय करतात?"

"आम्ही लाल डब्यात टाकतो. मंग सुपरवायझर फोडून भंगारात देतात."

जप्त मालातला एकही तुकडा फोडलेला नव्हता. भंगारवाल्याला उचललं, तर तो पोपटासारखा बोलला. सुपरवायझर फोडल्याची नोंद करायचा आणि माल न फोडता तसाच त्याला विकायचा. सुपरवायझरला अटक झाली. बाकीच्या मालासाठी आम्ही गॅरेजं पालथी घातली. सगळा काही सापडला नाही. तरी वरिष्ठांनी पाठ थोपटली.

महिन्याभरानं ती बाई ठाण्यात आली. कारखान्यानं तिला परत घेतलं नव्हतं. "पोलिसांनी नेलेली बाई नको, म्हणतात."

मी म्हणालो, "तुमच्यावर गुन्हाच नाही. तसं पत्र देतो."

"पत्र मॅनेजर वाचंल साहेब. गल्लीत कोण वाचणार? न्यायला जीप घेऊन आल्तात. मंग ही चोर न्हाई, हे सांगायला का न्हाई आलात?"

मला लाज वाटली. येतो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. पण आज बंदोबस्त, उद्या कोर्टाची तारीख, असं करता करता बदलीचा हुकूम आला.

पुढच्या नोकरीत चौकशीतून निर्दोष ठरलेल्या माणसाला मी गणवेशात, दिवसाढवळ्या, त्याच्या दारापर्यंत पोचवायला जाऊ लागलो. शेजाऱ्यांना मोठ्यानं सांगायचो, "यांचा काही दोष नाही, चूक आमची झाली." हाताखालचे शिपाई गालात हसायचे. हसेनात का! कितीतरी दारांत मी हे बोललो. जिनं शिकवलं, तिच्या दारात मात्र एकदाही नाही.