तुळईत घुसलेला पाइप

ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मेधा कंप्युटरवर नव्या इमारतीचं मॉडेल तपासत होती. भिंती, तुळया, पाइप सगळं त्या एकाच मॉडेलात. तिने बटण दाबलं आणि पडद्यावर लाल डाग उमटले.

"सर, हा पाइप बघा, सरळ तुळईत घुसलाय." तिने तो वीतभर खाली सरकवला. डाग गेला.

आमच्या वेळी तुळई एका कागदावर, पाइप दुसऱ्यावर. दोन्ही कागद देखणे. त्यांची गाठ पडायची थेट साइटवर. "साहेब, पाइपसाठी तुळई फोडू का?" मिस्त्रीने एकदा विचारलं. घाईत मी म्हणालो, "फोड." ब्रेकरने काँक्रीटच्या ठिकऱ्या उडवल्या, तुळईचा भार पेलणाऱ्या आतल्या सळया उघड्या पडल्या, मग त्याही कापल्या. वरून गिलावा झाला, रंग झाला.

त्या तुळईखाली आत्ता कुणीतरी निवांत जेवत असेल.